शत्रूच्या दारी जाणारी श्रद्धा



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्यांचा एक आग्रह असे. धर्माविषयी बोलणाऱ्याने आपण कुठे उभं राहून बोलतो आहोत ते आधी सांगावं, म्हणजे ऐकणाऱ्याला त्याचं बोलणं तोलून घेता येतं. म्हणून सुरुवातीलाच सांगतो. मी ख्रिस्ती आहे, आणि नावापुरता नाही. येशू वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला असं मी मानतो. माझे अनेक जवळचे मित्र हे मानत नाहीत. आज समोर बसलेल्यांपैकीही बहुतेक जण मानत नसतील. माझा आजचा प्रश्न इथूनच सुरू होतो. इतकी ठाम श्रद्धा असलेला माणूस दुसऱ्या धर्माच्या माणसाशी खऱ्या अर्थाने शांततेने राहू शकतो का? आणि राहणं तर झालंच, पण दोन धर्मांमध्ये पेटलेली आग विझवायला ती श्रद्धा त्याला काही बळ देते का?

आपल्या सभांमध्ये या विषयाचं एक ठरलेलं भाषण असतं. सगळे धर्म एकच सांगतात, वाटा वेगळ्या, मुक्काम एक. व्यासपीठावर एक भटजी, एक मौलवी, एक फादर बसतात, हार-नारळ होतात, चहा होतो आणि सगळे घरी जातात. या भाषणामागच्या सद्‌भावनेबद्दल मला शंका नाही. माझी अडचण वेगळी आहे. हे भाषण ज्याने ऐकायला हवं तो त्या सभेला येतच नाही. रस्त्यावर दगड घेऊन उतरलेला तरुण स्वतःला धर्माचा सच्चा पाईक समजतो. सगळे धर्म सारखे, असं त्याला सांगितलं की त्याला एवढंच ऐकू येतं की सांगणाऱ्याला स्वतःचा धर्म फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मग त्याने अशा माणसाचं का ऐकावं?

त्याच्याशी बोलायचं तर त्याच्याच श्रद्धेच्या आतून बोलावं लागतं. हे नुसतं मत म्हणून मांडण्यापेक्षा मी तुम्हाला एका शहराची हकिगत सांगतो.

नायजेरियाच्या उत्तर भागात कादुना नावाच्या नदीकाठी त्याच नावाचं शहर आहे. ब्रिटिशांनी उत्तर नायजेरियाची राजधानी म्हणून ते वसवलं. या देशाची लोकसंख्या आज 20 कोटींच्या वर आहे. ढोबळमानाने निम्मे मुसलमान, निम्मे ख्रिस्ती. उत्तरेत मुसलमान जास्त, दक्षिणेत ख्रिस्ती जास्त, आणि कादुना राज्य सांध्यावर. 1992 साली या राज्यातल्या झांगोन काताफ या गावी बाजाराची जागा हलवण्यावरून तंटा झाला. बाजारावर पकड हौसा व्यापाऱ्यांची, ते मुसलमान. भोवतालची जमीन कसणारे काताफ, ते बहुतांश ख्रिस्ती. फेब्रुवारीत माणसं मारली गेली, मे महिन्यात पुन्हा मारली गेली, आणि मग आग कादुना शहरात पोचली. बाजाराची जागा, जमिनीची मालकी, कोण मूळचा आणि कोण उपरा हा वाद: यातलं काहीच आपल्याला अनोळखी नाही. धर्म या भांडणात नंतर आला. पण तो असा आला की मूळ भांडण कशाचं होतं हे कुणाला आठवेनासं झालं.

या दंगलीत दोन तरुण पुढारी समोरासमोर होते. एक जेम्स वुये, पेंटेकोस्टल पंथाचा पाळक आणि ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचा नेता. दुसरा मुहम्मद अशाफा, पिढ्यान्‌पिढ्या इमामकी चालत आलेल्या घराण्यातला, मुस्लिम तरुणांचा नेता. दोघांच्याही मागे हत्यारं घेतलेली पोरं होती. त्या लढाईत वुयेंचा उजवा हात गेला. अशाफांचे दोन जवळचे नातलग आणि त्यांचे वृद्ध आध्यात्मिक गुरू मारले गेले. दोघांनाही सूड हवा होता आणि दोघंही संधीची वाट पाहत होते. आपण जे करतो आहोत ती देवाचीच सेवा आहे, याविषयी दोघांच्याही मनात शंका नव्हती. म्हणजे श्रद्धेचा तुटवडा कुठेच नव्हता.

1995 मध्ये कादुनाच्या सरकारी निवासस्थानी बालकांच्या लसीकरणाबद्दल एक बैठक भरली होती. दोघांनाही बोलावणं होतं. तिथे एका पत्रकाराने दोघांना समोरासमोर आणलं आणि तुम्ही दोघांनी मनावर घेतलं तर इथे शांतता नांदेल, अशा अर्थाचं काही बोलून तो निघून गेला. त्या भेटीत काही घडलं नाही. दोघांनी एकमेकांना जोखलं, इतकंच. पुढचं घडायला मशीद लागली. एका शुक्रवारी अशाफांनी क्षमेवरचं प्रवचन ऐकलं. ताईफ गावच्या लोकांनी पैगंबरांना दगड मारून हाकललं आणि तरीही त्यांनी त्या लोकांचं वाईट चिंतलं नाही, तो प्रसंग त्या प्रवचनात होता. अशाफा अस्वस्थ झाले आणि स्वतःहून वुयेंकडे गेले. पुढे वुयेंच्या आई आजारी पडल्या, तेव्हा ते आपल्या माणसांना घेऊन त्यांना बघायला गेले. पहिलं पाऊल मुसलमानाने टाकलं, हे मी ख्रिस्ती म्हणून इथे आवर्जून नोंदवतो.

वुयेंचं मन मात्र लवकर वळलं नाही. बाहेरून मैत्री सुरू होती, दोघं एकत्र प्रवास करत होते, एकत्र सभा घेत होते. आत राग तसाच होता. एका प्रवासात दोघांना हॉटेलात एकच खोली मिळाली. झोपलेल्या अशाफांच्या तोंडावर उशी दाबावी, असा विचार त्या रात्री आपल्या मनात आला होता, हे वुयेंनी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. हा पाळक होता, लक्षात घ्या. रविवारी व्यासपीठावरून प्रवचन करणारा माणूस. त्याचा राग कोणत्याही कार्यशाळेने किंवा समुपदेशनाने गेला नाही. एका ख्रिस्ती प्रवचनकाराने त्याला सुनावलं की मनात द्वेष ठेवून ख्रिस्त सांगता येत नाही. हे वाक्य लागलं, कारण ते त्याच्या श्रद्धेच्या मुळाशी लागलं. दुसऱ्या कुणी त्याला सहिष्णुतेचे फायदे सांगितले असते तर त्याने मान डोलावली असती आणि उशी विसरला नसता.

येशूची शत्रूविषयीची शिकवण आपण सुविचारासारखी भिंतीवर लावतो, म्हणून तिची धार जाणवत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात, ती आज्ञा म्हणून येते. शत्रूवर प्रीती करायची आणि छळणाऱ्यासाठी प्रार्थना करायची. ज्याचं पटत नाही त्याला सहन करा, एवढं सौम्य ते नाही. शत्रू शत्रूच राहील, कदाचित उद्या पुन्हा मारेल, तरी त्याचं भलं इच्छायचं. रोमन सैन्याच्या टाचेखालच्या देशात, अपमान रोज सोसणाऱ्या माणसांना हे सांगितलं गेलं. आणि ज्याने सांगितलं त्याने वधस्तंभावर असताना मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. ख्रिस्ती माणूस याला देवाचं खरं रूप मानतो. त्यामुळे शत्रूला क्षमा करायला नकार देणं हा त्याच्यासाठी नुसता स्वभावदोष राहत नाही. तो देवालाच नाकारण्याचा प्रकार होतो. वुयेंची कोंडी झाली ती इथे, आणि सुटकाही इथूनच झाली.

दोघांनी मिळून कादुनात मध्यस्थीचं केंद्र काढलं. त्यांची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. ते बायबल आणि कुराण दोन्ही घेऊन गावात जातात. पाळक ख्रिस्ती तरुणांशी त्यांच्या ग्रंथातून बोलतो, इमाम मुसलमान तरुणांशी त्यांच्या ग्रंथातून. आपापल्या माणसांसमोर ते आपल्या बाजूच्या चुका सांगतात. हे फार अवघड काम आहे. दुसऱ्या बाजूचे गुन्हे मोजणं कुणालाही जमतं. वुये ख्रिस्ती जमावापुढे उभं राहून ख्रिस्ती टोळ्यांनी काय केलं ते बोलतात, आणि त्यांचा तुटलेला हात सगळ्यांना दिसत असतो, त्यामुळे तू आमच्या दुःखाबद्दल काय जाणतोस असं त्यांना कुणी म्हणू शकत नाही. पापाची कबुली ही ख्रिस्ती उपासनेची नेहमीची गोष्ट आहे. दर रविवारी आम्ही ती करतो. पण ती बहुधा खासगी पापांची असते. आपल्या समाजाने, आपल्या जमावाने केलेल्या पापाची कबुली चौकात उभं राहून देणं, ही त्याच प्रार्थनेची खरी वाढ आहे, असं मला वाटतं.

आणि आजही या दोघांनी आपापली श्रद्धा पातळ केलेली नाही. दुसऱ्याने आपल्या धर्मात यावं असं त्यांना मनापासून वाटतं, आणि ते तसं उघड बोलतातही. सर्वधर्मसमभावाच्या सभेत हे वाक्य ऐकून खुर्च्या सरकल्या असत्या. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. तुला माझं सर्वांत मौल्यवान धन मिळावं असं मला वाटतं, पण ते घेण्याची सक्ती तुझ्यावर नाही आणि ते घेतलं नाहीस तरी तुझ्यासाठी मी जीव टाकेन: एवढ्यावर मैत्री उभी राहू शकते, हे त्यांनी दाखवलं.

ही हकिगत गोड करून सांगायची नाही. 1999 च्या अखेरीस शेजारच्या झाम्फारा राज्याने शरिया कायद्याची घोषणा केली, पाठोपाठ कादुनातही मागणी उठली आणि 2000 साली फेब्रुवारी आणि मे मध्ये शहर पुन्हा पेटलं. सुमारे 2,000 माणसं गेली असा अंदाज आहे. 22 ऑगस्ट 2002 रोजी दोन्ही धर्मांच्या ज्येष्ठ नेत्यांनी कादुना शांतता जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याला तीन महिने होतात तोच, नोव्हेंबरमध्ये, विश्वसुंदरी स्पर्धेवरच्या एका वृत्तपत्रीय लेखाचं निमित्त होऊन पुन्हा दंगल उसळली आणि 200 हून अधिक माणसं मेली. मग जाहीरनाम्याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. दोघं थांबले नाहीत, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे. 2004 मध्ये प्लॅटो राज्यातल्या येल्वा गावी आधी ख्रिस्ती मारले गेले, मग सूड म्हणून शेकडो मुसलमान मारले गेले. हे दोघं तिथे गेले, दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांना एका खोलीत बसवलं, दिवसेंदिवस एकमेकांचं ऐकायला लावलं आणि पुढच्या वर्षी त्या गावाने समेट साजरा केला. 2006 साली त्यांच्यावर एक माहितीपट निघाला, ‘द इमाम अँड द पास्टर’, तो जगभर दाखवला गेला. नायजेरियात आजही रक्त सांडतं आहे. शेतकरी आणि गुराखी यांच्यातली जमिनीची, पाण्याची भांडणं अजूनही धर्माचा अंगरखा घालून येतात. शांतता एकदा करून ठेवायची वस्तू नसते. ती शेतासारखी दर हंगामात पुन्हा नांगरावी लागते.

आता माझ्यावर येणारा आक्षेप मीच मांडतो. ख्रिस्ती श्रद्धेत शांततेचं एवढं बळ असेल, तर ख्रिस्ती इतिहासात इतकं रक्त कसं? धर्मयुद्धांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. 1994 मध्ये रुवांडात, ज्या देशातले बहुसंख्य लोक बाप्तिस्मा घेतलेले होते, तिथे माणसं आसऱ्याला चर्चमध्ये गेली आणि चर्चमध्येच मारली गेली. न्यामाता आणि न्तारामा इथली चर्च आज स्मारकं आहेत. इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्या शेजारी गोव्यात साष्टी तालुक्यात कुंकळ्ळी आहे. पोर्तुगिजांनी देवळं पाडली, गावकऱ्यांनी विरोध केला. 1583 च्या जुलैमध्ये चर्चसाठी जागा बघायला आलेले पाच जेझुइट मिशनरी तिथे मारले गेले. मग पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि त्यांची कत्तल केली. बोलणीला बोलावून! मारले गेलेले मिशनरी पुढे चर्चने धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडचे, ठरवले. किल्ल्यात मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची आठवण अनेक शतकं ना चर्चने ठेवली ना राज्याने.

त्याच साष्टीत त्याच काळात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट काम करत होता. त्याने इथली भाषा शिकली, इथला ओवी छंद घेतला आणि ख्रिस्तकथा मराठीत लिहिली. 1616 मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. मराठीवर इतकं प्रेम करणारा परदेशी माणूस विरळा. आणि 1560 पासून त्याच गोव्यात इन्क्विझिशनचं, म्हणजे धार्मिक चौकशीचं, न्यायासन बसलेलं होतं, ते 1812 पर्यंत पूर्णपणे गेलं नाही. एकाच श्रद्धेची ही दोन रूपं शेजारी शेजारी होती. मी यातून काढतो तो निष्कर्ष असा: श्रद्धेच्या हातात राज्याची तलवार आली की प्रेमाची भाषाही तलवारीच्या बाजूने वाचली जाते. स्टीफन्सच्या ओव्या गोड असल्या तरी त्यांच्यामागे किल्ला उभा होता, आणि कुंकळ्ळीच्या माणसाला किल्ला आधी दिसला.

तलवार गळून पडल्यावर काय होतं, ते अल्जेरियात दिसलं. तिथे फ्रेंचांची सत्ता 130 वर्षं होती. राजधानी अल्जिअर्समधली केत्शावा मशीद फ्रेंचांनी कॅथेड्रल केली होती. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला, ते कॅथेड्रल पुन्हा मशीद झालं, आणि जवळजवळ सगळे युरोपीय, म्हणजे दहा लाखांच्या आसपास माणसं, देश सोडून गेली. चर्चकडे सत्ता उरली नाही, संख्याही उरली नाही. उरले ते थोडे फादर, सिस्टर्स, काही मठ. त्यांना आता कुणावर राज्य करायचं नव्हतं. मग आम्ही इथे कशासाठी आहोत, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा खरेपणाने पडला.

मेदेआ शहराजवळच्या डोंगरात तिबहिरिन हे गाव आहे. तिथल्या मठात ट्रॅपिस्ट संन्यासी राहत. मठाची शेती गावकऱ्यांबरोबर चालायची. गावात मशीद नव्हती तेव्हा मठाने आपल्या आवारातली जागा नमाजासाठी दिली. ब्रदर ल्यूक डॉक्टर होते, 1940 च्या दशकापासून तिथल्या दवाखान्यात बसायचे आणि येईल त्याला तपासायचे. जखम कुणाची, हे विचारायचे नाहीत. मठप्रमुख क्रिस्तियाँ द शेर्जे. ते तरुणपणी फ्रेंच सैन्यात अधिकारी म्हणून अल्जेरियात होते. त्या काळात मुहम्मद नावाच्या एका मुसलमान ग्रामरक्षकाशी त्यांची मैत्री झाली. एका चकमकीत मुहम्मदने मध्ये पडून त्यांचा जीव वाचवला आणि लवकरच मुहम्मदचा खून झाला. एका मुसलमानाने आपल्यासाठी जीव दिला, ही गोष्ट शेर्जेंच्या पुढच्या सगळ्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी राहिली. येशूने जे केलं ते आपल्यासाठी मुहम्मदने केलं, असं ते मानत. मला हे विचारांचं फार मोठं धाडस वाटतं. ख्रिस्तावरची श्रद्धा सोडून नव्हे, ती पूर्ण धरून ठेवल्यामुळेच त्यांना मुसलमान मित्रात ख्रिस्त दिसला.

1990 च्या दशकात अल्जेरियात यादवी पेटली. परदेशीयांनी निघून जावं असा इशारा आला. 1993 च्या नाताळच्या आदल्या रात्री हत्यारबंद टोळी मठात शिरली. त्यांना डॉक्टर हवा होता, औषधं हवी होती. शेर्जेंनी नकार दिला. दवाखान्यात या, तिथे सर्वांना उपचार मिळतात, पण म्हातारा डॉक्टर डोंगरात येणार नाही. आणि आज आमच्या येशूच्या जन्माची रात्र आहे, हत्यारं घेऊन इथे कुणी येत नसतं. टोळीचा म्होरक्या परत गेला. त्यानंतर मठवासीयांनी एकत्र बसून जावं की राहावं यावर बोलणं केलं, प्रत्येकाने स्वतःचं मत दिलं. शेवटी सगळे राहिले. गावकऱ्यांना गाव सोडून जाता येत नव्हतं, तर आपण तरी का जावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. 26 आणि 27 मार्च 1996 च्या दरम्यानच्या रात्री त्यांच्यातल्या सात जणांना पळवून नेलं. मे महिन्यात त्यांच्या मृत्यूची बातमी आली. शेर्जेंनी आधीच एक पत्र लिहून ठेवलं होतं. आपल्याला मारणाऱ्याला त्यात त्यांनी आगाऊ क्षमा केली, त्याला मित्र म्हटलं, आणि आपल्या मरणाचं खापर अल्जेरियाच्या लोकांवर किंवा इस्लामवर फोडू नका, अशी विनवणी केली. हे पत्र मी सभेत वाचून दाखवणार नाही. ते एकट्याने शांतपणे वाचायचं पत्र आहे.

त्याच वर्षी 1 ऑगस्टला ओरानचे बिशप पिएर क्लाव्हरी घरी परतताना बॉम्बस्फोटात ठार झाले. त्यांच्याबरोबर त्यांचा तरुण मुसलमान चालक मोहम्मद बुशिखी मेला. क्लाव्हरी अल्जिअर्समध्येच वाढलेले. लहानपणी आपण अरबांच्या मध्ये राहूनही त्यांना कधी पाहिलंच नाही, याची खंत त्यांना आयुष्यभर राहिली. अरबी भाषा त्यांनी मोठेपणी शिकली. त्यांच्या अंत्यविधीला मुसलमानांची मोठी गर्दी होती. 8 डिसेंबर 2018 रोजी ओरानमध्ये क्लाव्हरी, तिबहिरिनचे सात जण आणि इतर अशा 19 जणांना चर्चने धन्यवादित घोषित केलं. एका मुस्लिमबहुल देशात, मुसलमान पाहुण्यांच्या उपस्थितीत असा सोहळा झाला.

क्षमेवर इतकं बोलल्यावर न्यायाबद्दल न बोलणं अप्रामाणिक ठरेल. क्षमा करा, असं पीडितालाच सांगत राहणं हा जुलमाचा सोयीस्कर मार्ग आहे, हा आरोप खरा आहे आणि ख्रिस्ती संस्थांनीही तो मार्ग अनेकदा वापरला आहे. या बाबतीत आपल्याच देशातलं उदाहरण मला दिशा देतं. ओडिशातल्या मनोहरपूर गावी 1999 च्या जानेवारीत मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, 10 वर्षांचा फिलिप आणि 6 वर्षांचा टिमथी, यांना जीपमध्ये जिवंत जाळण्यात आलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि मुलीसह त्या बारीपदातच राहिल्या, कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. पण खटला चालला. मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. ग्लॅडिसबाईंनी क्षमा केली म्हणून कायद्याचं काम थांबलं नाही, आणि कायदा आपलं काम करत होता म्हणून त्यांची क्षमा खोटी ठरली नाही. क्षमा पीडिताच्या मनातून द्वेष काढते. शिक्षा राज्य देतं, आणि ती त्याने द्यायलाच हवी. पीडिताला क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार मात्र कुणालाच नाही, मलाही नाही. ती त्याच्याकडूनच आली तर येते.

महाराष्ट्राकडे वळून एवढंच सांगतो, की आपल्याकडे या वाटेचा आरंभ फार पूर्वी एका घरात झाला. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. पुढची काही वर्षं दुरावा, सोवळं-ओवळं, माहेर-सासरच्यांचा दबाव, आणि पुन्हा एकत्र संसार, हे सगळं लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. 1900 साली त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, 1917 मध्ये, मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा करू लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. 1919 मध्ये ते वारले आणि काम तिथेच राहिलं. शंभर वर्षं उलटून गेली, मराठी ख्रिस्ती समाजाने ते पुढे नेलं नाही. माझ्या मते ही आमची मोठी हानी आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी ते फादर आहेत म्हणून विरोध केला. पण हा माणूस वसईत पाण्यासाठी, झाडांसाठी आणि गुंडगिरीविरुद्ध सर्व धर्मांच्या लोकांबरोबर रस्त्यावर उतरलेला होता, हे तिथल्या लोकांना सांगावं लागलं नाही.

मित्रहो, कादुनात दोघं भेटले ते दंगल होऊन गेल्यावर. तोवर हात गेला होता, गुरू गेले होते. आपल्या गावात, आपल्या वॉर्डात ते घडायच्या आधी भेटायला वेळ आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. चर्चच्या कमिटीतल्या माणसांनी येत्या महिन्यात जवळच्या मशिदीच्या आणि देवळाच्या विश्वस्तांकडे जावं. निमंत्रणाची वाट पाहू नये, कारण आपल्या गुरूने शत्रूवरही प्रीती करायला सांगितलं आहे आणि हे तर शेजारी आहेत. मिरवणुकीचा मार्ग, भोंग्याची वेळ, दफनभूमीची जागा, पाण्याची लाइन, असं जे काही उद्या भांडणाचं कारण होऊ शकतं, ते आजच मांडून बोलून घ्यावं. एकमेकांचे फोन नंबर घ्यावेत, म्हणजे अफवा उठेल त्या रात्री कुणाला विचारायचं हे माहीत असेल. आणि आमच्या माणसांनी इतरांवर केलेला जो अन्याय आपण टाळून बोलतो, मग तो कुंकळ्ळीचा असो की आपल्याच गल्लीतला, तो एका रविवारी आमच्याच उपासनेत, आमच्याच लोकांपुढे, नाव घेऊन बोलून दाखवावा. बाकीच्या धर्मांच्या मित्रांनी काय करावं हे मी सांगणार नाही. ते त्यांना त्यांचा ग्रंथ सांगेल. ख्रिस्ती बंधुभगिनींनो, आपण आधी जाऊ या.